लकवा झालेल्या माणसाला घरी आणलं, आता पुढे काय? घरच्यांसाठी सोप्या भाषेत

डिस्चार्जच्या दिवशी बहुतेक घरांत हेच होतं. एकजण बिलाच्या काउंटरवर, एकजण मेडिकलमध्ये, एकजण ॲम्ब्युलन्सवाल्याशी बोलतोय, आणि त्या गडबडीत सिस्टर दहा मिनिटांत सांगून जातात की नळीतून असं द्यायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, फिजिओ चालू ठेवा, पंधरा दिवसांनी दाखवायला या. सगळ्यांनी माना डोलावलेल्या असतात. मग रात्री घरी पेशंटला जोरात ठसका लागतो आणि कुणालाच आठवत नाही की पाजताना डोकं वर ठेवायचं होतं की आडवं चालतं. यात सिस्टरची चूक नाही, घरच्यांचीही नाही, एवढं सगळं दहा मिनिटांत कुणाच्याच डोक्यात बसत नाही.

माझं म्हणणं असं की स्ट्रोक झालेल्या माणसाला कसं सांभाळायचं हे घरच्यांना शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे, फाईल हातात देताना उरकायचं काम नाही. आणि त्याच वेळी, शिकवलं म्हणजे आता सगळं तुमच्यावर, हेही बरोबर नाही. आमच्या बाबांना स्ट्रोक झाल्यावर ह्या दोन्ही गोष्टी मला जवळून कळल्या, म्हणून लिहितेय.

आधी थोडं, झालंय काय ते. स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एका भागाचं रक्त अचानक बंद होणं. कुणी लकवा म्हणतं, कुणी पॅरालिसिसचा अटॅक, गावाकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात. १०० पैकी साधारण ८० ते ८५ जणांना रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे होतो, बाकीच्यांना रक्तवाहिनी फुटून. दिसताना हात-पाय गेलेले दिसतात पण बिघाड हातापायांत नसतो, मेंदूत असतो, डाव्या मेंदूला झालं की उजवं अंग जातं आणि उजव्या मेंदूला झालं की डावं. एवढं एक नीट कळलं की बरेचसे पैसे आणि वेळ वाचतो, कारण मग लक्षात येतं की महागातलं तेल चोळून किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्त लावून मेंदूतली जागा भरून येणार नाही. हलक्या हातानं मालिश करून माणसाला बरं वाटत असेल तर करा की. पण पोटरी सुजलेली, लाल, गरम किंवा दुखरी असेल तर अजिबात चोळू नका, आत गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.

आता गिळणं. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण घरी आल्यावर जिवावर बेतू शकतं ते इथेच. स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांच्या घशाचे स्नायूही कमजोर होतात आणि घास अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकतो, त्यातून न्यूमोनिया होतो. आपल्याला वाटतं पाणी सगळ्यात सोपं, दोन चमचे पाणी तरी द्या बिचाऱ्याला. खरं तर पातळ पाणी, चहा हेच गिळायला सगळ्यात अवघड असतं कारण ते घशातून फार पटकन सरकतं आणि कमजोर घशाला तेवढ्या वेळात श्वासनलिका बंद करता येत नाही. घट्टसर पेज, मऊ गुरगुट्या भात, घोटलेली खिचडी हे बऱ्याच जणांना जास्त सोपं जातं. त्रास होतो तो भुरभुरीत पदार्थांनी, म्हणजे चिवडा, कोरडे पोहे, शेव, आणि जिथे घट्ट-पातळ एकत्र आहे तिथे, जसं पातळ आमटीत न कुस्करलेला भात किंवा दुधात पोळीचे तुकडे, तोंडात दूध आधी निसटतं आणि तुकडा मागे राहतो. पण तुमच्या पेशंटला नक्की काय चालेल ते त्याचं गिळणं तपासूनच ठरतं, त्यामुळे घरी नेण्याआधी स्पष्ट विचारा, यांचं गिळणं कुणी तपासलंय का आणि काय काय द्यायचं ते लिहून द्या.

भरवताना माणूस पूर्ण जागा हवा, ताठ बसलेला हवा, झोपेत किंवा आडवं पडून एक घोटसुद्धा नाही. चमचा लहान, घास तोंडाच्या चांगल्या बाजूने, आधीचा गिळला ते बघून मग पुढचा. टीव्ही बंद ठेवा. जेवण झाल्यावर कमजोर बाजूचा गाल आतून बघा, तिथे अर्धा घास तसाच बसलेला सापडतो आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. तोंड स्वच्छ करा आणि निदान अर्धा तास बसवून ठेवा. खोकला, ठसका, किंवा खाल्ल्यावर आवाज घसा भरल्यासारखा ओला येणं ही धोक्याची खूण. काही जणांना ठसका न लागताच अन्न फुप्फुसात जातं, म्हणून वारंवार ताप, छातीत घरघर असं झालं तर ते हवामानावर ढकलू नका. नाकातून अन्नाची नळी असेल तरी देताना डोक्याकडची बाजू उंच पाहिजे. आणि गोळ्या कुटून नळीतून देण्याआधी विचारा, काही गोळ्या हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात, त्या कुटायच्या नसतात.

दुसरी मोठी गोष्ट खांदा. लुळ्या पडलेल्या हाताच्या खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधाराशिवाय लोंबत असतो, आणि आपण काय करतो, उठवताना त्याच हाताला धरून ओढतो नाहीतर काखेत हात घालून उचलतो. प्रेमानंच करतो सगळे. पण त्यानं खांदा आणखी निसटतो, सुजतो, आणि मग महिनोन्महिने इतका दुखतो की माणूस व्यायामालाच नको म्हणतो, म्हणजे पुढची सुधारणाही गेली. त्यामुळे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, अगदी काका-मामांनाही, की हाताला धरून उठवायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधून तिथून आधार द्यायचा. बसल्यावर हात मांडीखाली लोंबकळत न ठेवता उशीवर ठेवायचा. आणि कप्पी लावून दोरीनं हात वर ओढायचा व्यायाम बरेच जण आपल्या मनानं करून घेतात, अशा खांद्याला त्यानं इजा होते.

उठवण्या-बसवण्याचे काही नियम पाठच करून टाका. शर्ट घालताना कमजोर हात आधी, काढताना चांगला हात आधी. पलंगावरून खुर्चीत घ्यायचं तर खुर्ची चांगल्या बाजूला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. कूस दर दोन तासांनी बदलायची, एअर बेड असला तरीही, आणि रोज अंग पुसताना माकडहाड, टाचा, घोटे बघायचे. लाल डाग दिसला तर तो चोळायचा नाही, त्यावरचा भार काढायचा. ब्युरोकडून सांभाळायला ठेवलेल्या मावशी किंवा मामा असतील तर दर वेळी माणूस बदलला की हे सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागतं, आम्ही मराठीत मोठ्या अक्षरात लिहून पलंगाशेजारी भिंतीला चिकटवलं होतं, त्याचा फार उपयोग झाला.

मूठ हळूहळू घट्ट वळायला लागली असेल तर स्पंजचा बॉल दाबत बसू नका, आधी फिजिओला विचारा. मूठ आधीच आवळलेली असताना आणखी आवळायची प्रॅक्टिस कशाला, काम उघडण्यावर करायचं असतं.

बोलणं. डाव्या मेंदूचा स्ट्रोक असेल तर बऱ्याचदा उजव्या अंगाबरोबर भाषाही जाते, स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना हा त्रास होतो, याला अफेझिया म्हणतात. घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट ही असते कारण वाटतं माणसाचं डोकंच गेलं. डोकं गेलेलं नसतं. शब्द सापडत नाहीत. काही जणांना समोरच्याचं बोलणंही पूर्ण कळत नाही, काहींना कळतं सगळं पण बाहेर काही येत नाही, आणि काहींचं "हो" म्हणजे "नाही" असतं. गंमत वाटावी अशी पण खरी गोष्ट म्हणजे जो माणूस स्वतःचं नाव सांगू शकत नाही तो गणपतीची आरती सलग म्हणतो, पाढे म्हणतो, कधीकधी कडक शिवीही देतो, कारण पाठ असलेलं आणि आपोआप तोंडात येणारं बोलणं नवीन वाक्य जुळवण्यापेक्षा बरंच वेगळ्या पद्धतीनं येतं. मग घरचे म्हणतात, बघा मुद्दाम करतात, आरती बरी येते! मुद्दाम नाही करत ते.

अशा माणसाशी बोलताना ओरडू नका, कान चांगले आहेत. एका वेळी एकच प्रश्न, छोटं वाक्य. "चहा का दूध का कॉफी, की आधी अंघोळ" असं नको, चहाचा कप दाखवा आणि विचारा. उत्तराला वेळ द्या, अर्धा शब्द आला की आपण पूर्ण करून टाकतो ते जरा आवरा. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल तिसऱ्या माणसासारखं बोलू नका, पाहुणे येतात आणि पलंगाशेजारी उभं राहून विचारतात, कळतं का हो यांना काही? बरंच काही कळतं. स्पीच थेरपी घरात जी भाषा बोलतात त्यातच व्हायला हवी, घरी मराठी बोलणाऱ्या आजींना इंग्रजी चित्रांचे तक्ते देऊन काय उपयोग.

उजव्या मेंदूचा स्ट्रोक वेगळा त्रास देतो आणि तो लोकांच्या लक्षातच येत नाही. बोलणं छान असतं म्हणून सगळे म्हणतात थोडक्यात निभावलं. पण कित्येकांना आपली डावी बाजू अस्तित्वातच नाही असं होतं. डोळे ठीक असतात, मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. आपल्याकडे ताट वाढायची पद्धत ठरलेली आहे म्हणून हे पटकन पकडता येतं, उजवीकडची भाजी संपते आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लोणचं तसंच राहतं, दिवसेंदिवस. दाढी अर्धीच होते, डावी चप्पल पायात नसते. काही जणांना तर आपला हात-पाय कमजोर आहे हेच मान्य नसतं, म्हणून ते बिनधास्त उठतात आणि पडतात. हा हट्ट नसतो, आजाराचाच भाग आहे. अशा माणसाला एकटं सोडू नका, आणि बोलताना हळूहळू डाव्या बाजूनं बोलायला लागा म्हणजे तिकडे बघायची सवय परत लागते.

मनाचं तर कुणी विचारतच नाही. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं आणि ते व्यायामावर, खाण्यावर, गोळ्यांवर सगळ्यावर परिणाम करतं, त्याला औषधं आहेत, ती मागायला लाजू नका. काही जण विनाकारण हुंदके देऊन रडतात नाहीतर हसत सुटतात आणि त्यांना स्वतःलाही ते थांबवता येत नाही, मेंदूचा तो ब्रेक सैल झालेला असतो. अशा वेळी कारण शोधत बसू नका, शांतपणे विषय बदला. आणि थकवा, दिसत नाही पण असतो, सकाळी दोन तास बरा असलेला माणूस दुपारी एकदम गळून जातो म्हणजे आळशी झाला असं नाही.

आता सगळे विचारतात तो प्रश्न, बरे होतील का? सुधारणा सगळ्यात वेगानं होते पहिल्या तीन महिन्यांत, नंतर वेग कमी होतो पण दार बंद होत नाही, वर्षानंतरही बोटांत, बोलण्यात फरक पडलेले लोक आहेत. घाटात दरड कोसळली की गाड्या आडवाटेनं काढतात आणि वर्दळ वाढली की तीच आडवाट रुळते, मेंदूतही मेलेला भाग परत जिवंत होत नाही, शेजारचे भाग ते काम शिकतात, आणि शिकायला तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते, शेकडो वेळा. म्हणून फिजिओ आले आणि पाय हलवून गेले एवढ्यानं होत नाही, माणसानं स्वतः प्रयत्न करायला लागतात, कप धरणं, बटण लावणं, उभं राहणं. पंधरा दिवसांत चालवतो अशी गॅरंटी देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या देशात थेरपिस्ट कमी आहेत, घरची माणसं आहेत, तर घरच्यांनाच शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतले तर? ह्या विचारानं भारतातल्या १४ हॉस्पिटलांत मोठा अभ्यास झाला, नाव अटेंड, निकाल २०१७ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,२५० पेशंट होते. निम्म्यांच्या घरच्या माणसाला हॉस्पिटलमध्ये पद्धतशीर शिकवलं, नंतर घरी जाऊनही मार्गदर्शन केलं, बाकी निम्म्यांना नेहमीसारखे उपचार. सहा महिन्यांनी बघितलं तर दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के.

हे वाचून मला आधी वाईट वाटलं आणि मग हलकंही वाटलं. याचा अर्थ घरच्यांनी केलेलं फुकट जातं असा नाही, नेहमीच्या उपचारांच्या गटातही घरचे राबतच होते, आणि गिळताना गुदमरू न देणं, जखमा होऊ न देणं ही त्यांचीच कामं. पण थोडंफार शिकवलं की घरचा माणूस थेरपिस्टची जागा घेईल ही आशा काही खरी ठरली नाही. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की तुम्ही नीट व्यायाम करून घेतले नाहीत म्हणून ते चालले नाहीत, तर ते मनाला लावून घेऊ नका. मेंदूला किती इजा झाली, कुठे झाली, वय किती, यावर बरंच अवलंबून असतं, आणि ते तुमच्या हातात कधीच नव्हतं. थेरपीची सोय सरकारी रुग्णालयांत, तालुक्याला व्हायला हवी ही मागणी आपण सोडता कामा नये, ती जबाबदारी सूनबाईच्या पदरात टाकून मोकळं होता येणार नाही.

सूनबाईच म्हटलं कारण खरंच तसं आहे, सांभाळणारी बहुतेक घरांत बाईच असते, बायको, सून, लेक. "मी बघते" म्हणून ती सुरुवात करते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. रात्री दर दोन तासांनी उठणं म्हणजे झोपच नाही, कंबर जाते, नोकरी सुटते, स्वतःच्या बीपीच्या गोळ्या विसरते. सासऱ्यांची शी-शू सुनेनं करायची यात दोघांचाही जीव कानकोंडा होतो, घरात मुलगा धडधाकट असताना हे तिच्याकडे का येतं? युरिन पॉट द्यायला, अंघोळ घालायला मुलांनी, नातवांनी शिकावं, अवघड काही नाही त्यात. आणि उलटंही बघा, घरातल्या बाईलाच स्ट्रोक झाला तर नवऱ्याला गॅस कुठून सुरू करायचा तेही माहीत नसतं आणि ती बिचारी एका हातानं कणीक मळायच्या मागे लागते. लांब राहणाऱ्या भावंडांनी फोनवर सल्ले देण्यापेक्षा महिन्यातला एक आठवडा येऊन राहावं, नाहीतर रात्रीच्या मावशींचे पैसे द्यावेत. सांभाळणारीला फार खचल्यासारखं वाटलं तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

गोळ्यांचं थोडक्यात पण महत्त्वाचं. स्ट्रोक येतात त्यातला साधारण चारातला एक हा आधी होऊन गेलेल्या माणसाला परत आलेला असतो. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका, गोळीमुळेच नॉर्मल आलंय ते. बहुतेकांना १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, तुमच्या पेशंटसाठी आकडा किती ते लिहून घ्या आणि घरी मशीननं मोजून वहीत लिहा. रक्त पातळ करायची गोळी दात काढायचाय म्हणून परस्पर थांबवू नका. वर्षातून एकदा सलाईन लावून रक्त साफ करून घेतलं की अटॅक येत नाही असं सांगणारे भेटतात, त्यानं काही होत नाही. आणि तंबाखू, मशेरी, बिडी. "आता एवढंच सुख उरलंय त्यांना" म्हणून घरचेच चोरून आणून देतात, मला कळतं ते, पण नका देऊ.

परत तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं तर पहिल्यांदा घड्याळ बघा, माणूस शेवटचा ठीक कधी होता ते लक्षात ठेवा आणि १०८ ला फोन करा. सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटललाच न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, काही जणांना रक्तवाहिनीतून नळी घालून गुठळी काढतात त्याला जास्त वेळ मिळू शकतो, पण उशिरा गेलेला प्रत्येक मिनिट मेंदू खातो. घरी ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव असेल तर ती उलटी पडेल, आणि पाणीही पाजू नका. दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी जायचंच, मोठा अटॅक यायच्या आधी असे छोटे येऊन जातात.

राहिली कागदपत्रं. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते भरती होतानाच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको. कमजोरी राहिली तर साधारण सहा महिन्यांनंतर अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढता येतं, त्याचा अर्ज यूडीआयडी ह्या अपंगांच्या सरकारी ओळखपत्राच्या पोर्टलवर होतो, ४० टक्के किंवा जास्त आलं तर एसटीच्या तिकिटात सवलत मिळते आणि जुन्या पद्धतीनं टॅक्स भरत असाल तर इन्कम टॅक्समध्ये सांभाळणाऱ्याला वजावट. मुंबईच्या आसपास असाल तर हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, फिजिओ, हाता-पायाचे स्प्लिंट वगैरेसाठी, आणि बोलण्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था, दोन्ही केंद्र सरकारच्या. जाताना सीटी स्कॅनची फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी सोबत घ्या, आणि रोज सांभाळतं ते माणूस बरोबर असू द्या, कारण व्यायाम दाखवतात ते त्याच्या हातून तिथेच एकदा करून बघायचे असतात.